त्यांचा पहिला प्रश्न

आमच्या पशुरुग्णालयाच्या हॉलमध्ये डॉक्टरांचे फोटो लावायचे आणि प्रत्येक फोटोखाली चार ओळी माहिती द्यायची, असं वरून ठरलं. असली कामं फिरत फिरत शेवटी केसपेपरच्या खिडकीवर येतात, म्हणजे माझ्याकडे. मी सगळ्यांना कागद दिले. शिक्षण, अनुभव आणि या क्षेत्रात कसे आलात, एवढंच विचारलं होतं. कागद परत आले तेव्हा हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. एकजात सगळ्यांनी लिहिलं होतं, ‘लहानपणापासून प्राण्यांची आवड’. एकाने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. डिग्री लिहून खाली टीप: ‘बाकी ताईंना माहीत आहे.’

बाकी ताईंना खरंच माहीत आहे. माझी खिडकी आणि तपासणीची खोली यांच्यामध्ये फक्त प्लायवूड आहे. आत कोण काय बोलतं, कोण कोणाला ओरडतं, कोण गप्प बसतं, हे सगळं मला बिलं करता करता ऐकू येतं. आणि डबा खायच्या वेळी माणसं जे बोलतात ते कुठल्याही कागदावर लिहीत नाहीत.

प्राण्यांची आवड असलेली माणसं तर माझ्यासमोर रोज रांगेत उभी असतात. सुई दिसली की त्यातली निम्मी तोंड फिरवतात. तेव्हा ती आवड बाजूला ठेवू. माझं निरीक्षण असं, की डॉक्टर कुठून आला आणि कशाकशातून गेला, हे त्याच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. केसपेपर सगळ्यांच्या हातात सारखाच जातो: जात, वय, वजन, तक्रार. तो वाचून झाल्यावर डॉक्टर मान वर करून जे पहिलं विचारतो, ते मात्र प्रत्येकाचं आपापलं असतं.

सगळ्यात ज्येष्ठ आमचे मोठे सर. त्यांचा पहिला प्रश्न: “रवंथ करते का?” गाय, म्हैस, शेळी असेल तर बरोबरच आहे. पण लॅब्राडॉर घेऊन आलेल्या एका काकूंनाही त्यांनी सवयीने हेच विचारलं, आणि काकूंनी तितक्याच गंभीरपणे “आज नाही केलं” म्हणून सांगितलं. हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक नव्या माणसाला ऐकवला जातो, सरांसमोरच.

सर गुरांच्या घरातले. दावणीला जनावरं होती, पण त्यांना व्हायचं होतं माणसांचं डॉक्टर. मार्क कमी पडले म्हणून इकडे आले. ही गोष्ट त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांची आहे. फरक एवढाच, की सर ती चारचौघांत सांगतात. पहिली दोन वर्षं त्यांना वाटायचं, आपण हरलो. वर्गातली सगळी पोरं एकमेकांना ‘ढोरडॉक्टर’ म्हणायची आणि सुट्टीत घरी गेलं की गावही तेच म्हणायचं. मग एका रात्री शिक्षकांनी अडलेली गाय त्यांच्या हाती दिली.

ती गाय मी पाहिली नाही, पण त्यांनी सोडवलेली एक मी पाहिली आहे. मागच्या शेडमध्ये टेम्पोतून उतरवली होती आणि बॅटरी धरायला माणूस नव्हता, म्हणून मी उभी राहिले. वासराचे पुढचे दोन पाय बाहेर दिसत होते, पण डोकं आत मागे वळलेलं. मालक पाय धरून ओढायला निघाला तर सरांनी त्याचा हात झटकला. आधी वासरू आत ढकलायचं असतं. मला ते उलटंच वाटलं, पण आत जागाच नसेल तर डोकं फिरवणार कुठे? सरांनी शर्ट काढला, खांद्यापर्यंत हात साबणाने धुतला, वंगण लावलं आणि त्या ओल्या फरशीवर सरळ आडवे झाले. गाय कळ देते तेव्हा आतला हात असा चेंगरतो की बोटं बधिर होतात. त्या वेळी काही करायचं नाही, हात तसाच ठेवून थांबायचं. कळ ओसरली की तेवढ्यात काम करायचं. सरांचा गाल गाईच्या मांडीला टेकलेला, डोळे मिटलेले. बोटांना जे लागेल ते पुटपुटत होते, “हा कान... हा डोळा... हं, जबडा.” जबड्यात बोटं अडकवून डोकं वळवलं, पायांना दोऱ्या बांधल्या, आणि मग गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. वासरू बाहेर पडल्यावर काही क्षण हललंच नाही. सरांनी नाकातला चिकटा बोटाने काढला आणि नाकपुडीत गवताची काडी घातली. ते शिंकलं. सर म्हणाले, “झालं. बॅटरी बंद करा ताई, सेल संपतात.”

याची किंमत त्यांच्या उजव्या खांद्याने मोजली आहे. हात डोक्याच्या वर जात नाही. वरच्या कप्प्यातली फाइल काढायची असली की मला हाक येते. तरुणपणी अडकलेली वार हाताने काढताना ब्रुसेला या गाईंना गर्भपात करणाऱ्या जंतूची लागण झाली, महिनोन्‌महिने येऊन-जाऊन ताप होता. गर्भपात झालेल्या गाईच्या जवळ हातमोज्याशिवाय गेलेल्या पोराला ते अजूनही सगळ्यांदेखत झापतात, ते याच कारणाने.

आता आमच्याकडे गुरं कमी आणि कुत्री-मांजरं जास्त. सर कुरकुरतात, “पाच वर्षं म्हशीची हाडं पाठ केली आणि आता पॉमेरेनियनची नखं कापतोय.” पण हात तयार झालाय तो मोठ्या जनावरांवरच. ते आधी लांबून पाहतात. प्राणी उभा कसा आहे, मान कुठे आहे, श्वास कुठून घेतोय, हे बघितल्याशिवाय हात लावत नाहीत. गाईच्या डाव्या कुशीवर मूठ ठेवून घड्याळ बघत उभे राहतात, कारण धड असलेल्या गाईचं मोठं पोट मिनिटाला एक-दोनदा तरी हलतं. खिशात लोहचुंबक असतं. गाय चाऱ्याबरोबर तार गिळते, ती पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते आणि तिथून हृदय अगदी जवळ असतं. चुंबक गिळायला दिलं की तार त्याला चिकटून पोटातच राहते, पुढे टोचत जात नाही. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सर माझी फिरकी घेतायत.

उमेदवारीत सरांनी बुळकांडीच्या, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीच्या लसी टोचल्या. गावंच्या गावं रिकामी करणारा तो रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग, आणि याचं सरांना जेवढं कौतुक आहे तेवढं स्वतःच्या कुठल्याही बक्षिसाचं नाही. याच बुळकांडीने युरोपात गुरांचा फडशा पाडला म्हणून फ्रान्समध्ये लियाँ इथे जगातली पहिली पशुवैद्यक शाळा निघाली. १७६१ मध्ये परवानगी, १७६२ मध्ये वर्ग सुरू. काढणारे क्लोद बूर्जला हे मुळात घोडेस्वारीची शाळा चालवायचे. मार्क कमी पडून या धंद्यात आलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं, असं सरांचंच म्हणणं.

कोणी ‘ढोरडॉक्टर’ म्हणून नाक मुरडलं तर सर चिडत नाहीत. शांतपणे त्याला दंड दाखवायला सांगतात. दंडावर बीसीजीचा व्रण असतोच. “यातला ‘जी’ म्हणजे कामिय गेराँ, आमच्यातलाच. गाईच्या क्षयाचे जंतू तेरा वर्षं वाढवत बसला तेव्हा तुमची लस झाली.” ती लस पहिल्यांदा माणसाला दिली १९२१ मध्ये. समोरचा बाही खाली करतो आणि बिल भरतो.

रात्रपाळीच्या मॅडम अगदी दुसऱ्या टोकाच्या. त्या आधी प्रश्नच विचारत नाहीत, ओठ वर करतात. हिरडी गुलाबी आहे, पांढरी आहे की विटकरी, हे बघतात, बोटाने दाबून सोडतात आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मनात मोजतात. दोन सेकंदांच्या आत आला तर ठीक, नाहीतर माणसं पळायला लागतात. मग मालकाकडे न बघताच पहिला प्रश्न: “घरातलं काय दिलंत?”

मॅडमची आई माणसांच्या अतिदक्षता विभागात नर्स होती. शाळा सुटली की आईची ड्यूटी संपेपर्यंत ही मुलगी नर्सेसच्या खोलीत अभ्यास करत बसायची. मॉनिटरचा आवाज बदलला की आई कशी उठते, ते तिने तिथे पाहिलं. आणि नातेवाईक औषधांबद्दल डॉक्टरांना काय काय सांगत नाहीत, तेही तिथेच. माणसांच्या बाजूला जायला मार्क पुरेसे होते, गेल्या नाहीत. “तिथे मी आयुष्यभर आईची मुलगी राहिले असते,” एवढंच सांगतात. त्याहून जास्त विचारायची माझी टाप नाही.

‘घरातलं काय दिलंत’ याचं उत्तर बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं. मांजर गरम लागलं, अर्धी गोळी दिली. मुळात मांजराचं-कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. १०१ फॅरनहाइट हा त्यांचा ताप नव्हे, तब्येत आहे. आणि मांजराच्या यकृतात ही गोळी पचवायची सोय जवळपास नाही. रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. वेळेत आणलं तर उतारा आहे, माणसांनाही तोच देतात. पण लोक आधी “काहीच नाही दिलं” म्हणतात. मग मॅडम बाईंना बाजूला घेतात आणि हळू आवाजात विचारतात, नवऱ्यासमोर नाही. आईकडून आलेली ही युक्ती. बाई सांगतात.

फोनवर त्यांचा प्रश्न वेगळा. माझीही रात्रपाळी होती तेव्हाचं सांगते. पलीकडून कोणी सांगत होतं, मांजराला शी होत नाहीये, दिवसभर कुंथतंय, काही घरगुती उपाय सांगा. मी स्पीकरवर टाकलं. मॅडमनी हातातली पोळी ठेवली.

“बोका की भाटी?”

“बोका आहे.”

“शेवटची लघवी कधी पाहिलीत?”

पलीकडे शांतता.

“आत्ता निघा. अंघोळ-बिंघोळ काही नाही, आहात तसे या.”

बोक्याची मूत्रनळी इतकी बारीक, की खड्यांच्या चिकट चोथ्याने बंद होते. तो कुंथतो, घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ. तिकडे मूत्राशय दगडासारखं होतं आणि रक्तात पोटॅशियम चढत जातं, ते हृदय थांबवतं. ते लोक बोक्याला टोपलीतून घेऊन आले तेव्हा त्याचे ठोके इतके मंद होते, की मला वाटलं मशीन बिघडलंय. मॅडमनी नळी घालायच्या आधी हृदयासाठी कॅल्शियम सुरू केलं, डोळे मॉनिटरवर, अंगठा सिरिंजवर, अगदी मुंगीच्या पावलाने. नुकत्याच व्यायलेल्या, मान वाकडी करून पडून राहिलेल्या गाईला मोठे सर कॅल्शियमच देऊन उभी करतात, आणि तेही एका हाताने स्टेथोस्कोप धरून, कारण घाईने सोडलं तर गाय जागीच मरते. या दोघांचं एरवी कशावरच पटत नाही. कॅल्शियम सावकाश सोडायचं, यावर मात्र एकमत.

मॅडम गरोदर होत्या तेव्हा मला या कामाची दुसरी बाजू कळली. एक्स-रेच्या खोलीत जायचं नाही. भुलीचा वायू चालू असेल त्या खोलीत थांबायचं नाही. गाई माजावर आणायचं एक इंजेक्शन आहे, ते कातडीतूनही शोषलं जातं, त्याच्या बाटलीलाही हात लावायचा नाही. मांजराची शी नको, शेळीचं बाळंतपण तर मुळीच नको. उरलं काय? माझ्या शेजारची खुर्ची आणि फोन. त्या महिन्यांत आमच्याकडे फोनवर जेवढी मांजरं वाचली तेवढी कधी वाचली नसतील. ॲलीन कस्ट नावाची आयरिश बाई १९०० मध्ये पशुवैद्यकाचं शिक्षण पूर्ण करून बसली होती आणि बाई म्हणून तिला ब्रिटनमध्ये नोंदणी मिळाली १९२२ मध्ये. आता कितीतरी देशांत या वर्गात मुलीच जास्त आहेत, तरी गरोदर डॉक्टरने काय करायचं याचा विचार प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदाच होत असल्यासारखा होतो. माझं मत आहे हे, बोर्डवर येणार नाही.

मॅडमच्या घरी प्राणी नाही. विचारलं तर म्हणतात, “त्याच्याकडे बघणार कोण?” दिवसा जाड पडदे लावून झोपतात आणि दाराची बेल काढून ठेवली आहे.

शस्त्रक्रियेचे सर बोलतच नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल फारसं लिहिता येत नाही. ‘बाकी ताईंना माहीत आहे’ लिहिणारे तेच. पहिला आणि बहुतेक वेळा एकमेव प्रश्न: “शेवटचं कधी खाल्लं?” पोटातून काढलेल्या वस्तू बरणीत जपून ठेवल्या आहेत: मोजे, चेंडूचे तुकडे, एका बाईची अंगठी. (अंगठी बाईंनी परत नेली, रिकामी बरणी आहे.) मांजर उलट्या करत आलं तर ते पोट दाबायच्या आधी जीभ उचलतात. दोरा खाल्लेला असेल तर त्याचं एक टोक जिभेखाली अडकलेलं असतं आणि दुसरं आतड्यात. तोंडातून किंवा मागून लोंबणारा दोरा कोणीही, कधीही ओढू नये, आतडं करवतल्यासारखं चिरतं. हे वाक्य त्यांनी मला बोर्डवर लिहायला सांगितलं, स्वतःबद्दल काहीच नाही.

पक्ष्यांचे आणि कासवांचे डॉक्टर आमच्याकडे उशिरा आले. डिग्री घेतल्यावर बरीच वर्षं ते एका औषध कंपनीचे प्रतिनिधी होते. बॅग घेऊन दवाखान्यांच्या बाहेर बाकड्यावर बसायचे. घरी हप्ते होते, धाकट्या बहिणीचं शिक्षण होतं आणि कंपनी पगार वेळेवर देत होती. यात लाजण्यासारखं काय आहे कोण जाणे, पण त्यांनी कागदावर ती वर्षं गाळली होती. मला वाटतं त्यांचं सगळं कसब त्या बाकड्यावरच तयार झालं. तासन्‌तास बसून समोरच्याचा मूड ओळखायचा, तो बोलत नसताना.

कारण पक्षी आजारपण लपवतो. रानात जो थकलेला दिसतो त्याला आधी उचललं जातं, म्हणून पोपट शेवटच्या घटकेपर्यंत धडधाकट असल्याचं नाटक करतो. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला याचा अर्थ तो आज आजारी पडला असा नाही, आज त्याला नाटक जमेनासं झालं. हे डॉक्टर पिंजऱ्यावरचं फडकं काढतात आणि खुर्ची लांब ओढून नुसते बसतात. मालक अस्वस्थ होतात, यांना काही येत नाही की काय. पाचेक मिनिटांनी पोपट विसरतो की कोणी बघतंय, आणि शेपटी श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागते. तेवढंच त्यांना हवं असतं.

त्यांचा पहिला प्रश्न प्राण्याबद्दल नसतोच. “पिंजरा कुठे ठेवलाय? फोटो आहे?” मऊ कवचाचं कासव येतं, मालक शपथेवर सांगतो की रोज उन्हात ठेवतो. फोटोत दिसतं, टाकी बंद खिडकीशी. हाडांना लागणारे किरण काचेतून येत नाहीत, कासवाला नुसता उजेड मिळत होता. सशाला भूल द्यायची असली की हे आणि शस्त्रक्रियेचे सर यांची जुंपते, कारण ‘शेवटचं कधी खाल्लं’ हा प्रश्न सशाला लागू नाही. ससा उलटी करूच शकत नाही, आणि उपाशी ठेवला तर आतडी थांबतात. शस्त्रक्रियेच्या सरांना हे माहीत असतं, पण सवय जात नाही.

आता ज्या भागाबद्दल लिहायचं टाळत होते तो.

आमच्याकडे एक छोटी खोली आहे, तिला मागच्या बाजूने दार आहे. प्राण्याला शेवटचं इंजेक्शन द्यायचं तेव्हा बिल आधी घेतो. नवीन माणसाला हे निर्दयीपणाचं वाटतं. पण नंतर त्या घरच्यांना डोळे पुसत हॉलमधून येऊन, पिल्लं घेऊन बसलेल्या लोकांसमोर सुटे पैसे मोजावे लागू नयेत म्हणून ते आहे. मागच्या दाराने थेट गाडीपाशी जाता येतं. ही पद्धत मॅडमनी सुरू केली.

डॉक्टर आत काय सांगतात, तेही सगळ्यांचं ठरलेलं आहे. डोळे मिटणार नाहीत. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटेल, पण तो श्वास नसतो. आधी सांगितलं नाही तर माणूस त्या उघड्या डोळ्यांपाशी अडकतो. मोठे सर हे सांगताना जमिनीवर बसतात, खांदा दुखत असला तरी. मग ते हात धुतात, आणि पुढचा केसपेपर मी आधीच आत सरकवलेला असतो: पिल्लू, पहिली लस, घरच्यांना पेढे वाटल्यासारखा आनंद. सर आत जातात आणि हसतात. मला वाटायचं, या दोन खोल्यांमधल्या अंतराने माणूस मोडत असेल.

मॅडमचं म्हणणं वेगळं. मरणाने त्या मोडत नाहीत. शेवट निदान वेदना तरी संपवतो. त्यांना मोडतं ते हे: उपचार आहे, येतोही, आणि समोरच्याची ऐपत नाही. मग त्याच आजारावर तीन रस्ते सांगायचे, सगळ्यात चांगला, मधला आणि निदान एवढं तरी. तिसरा सांगताना मालकाचा चेहरा बघायचा. आणि त्यावर एखादा ओरडतो, “प्राण्यांचं प्रेम असतं तर फुकट केलं असतंत!” हे वाक्य मी प्लायवूडमधून इतक्यांदा ऐकलंय, की कोणत्या शब्दावर आवाज चढतो ते मला पाठ आहे. बोर्डावर ‘लहानपणापासून प्राण्यांची आवड’ छापायला मी नकार दिला तो यासाठी. ती ओळ त्यांच्यावरच उलटते. माणसांच्या डॉक्टरला कोणी विचारत नाही की तुम्हाला माणसं आवडतात ना, मग फी कशाला?

अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. आत्महत्येचं प्रमाण तिथल्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुष डॉक्टरांमध्ये २.१ पट आणि स्त्री डॉक्टरांमध्ये ३.५ पट निघालं. हा कागद आमच्या डॉक्टरांच्या खोलीत कोणीतरी चिकटवला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी ड्यूटीचा नवा तक्ता लागला, त्यात सलग दोन रात्री कोणालाच नाहीत आणि छोट्या खोलीचं काम एका दिवसात एकाच डॉक्टरकडे दोनदा जाणार नाही अशी ओळ. अक्षर शस्त्रक्रियेच्या सरांचं होतं. त्यावर कोणी काही बोललं नाही, तक्ता तेव्हापासून तसाच चालू आहे.

शेवटची आमची इंटर्न. तिच्या कागदावरही प्राण्यांची आवड होतीच, पण तिला मोठ्या कुत्र्यांची भीती वाटते हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं. घरी कधी प्राणी नव्हता. वर्गातल्या मैत्रिणीबरोबर फॉर्म भरला, मैत्रीण गेली दुसरीकडे, ही राहिली. मला वाटलं हिचं कठीण आहे. मोठे सर मात्र तिच्यावर खूश. म्हणाले, “जो घाबरतो तो कान बघतो, शेपटी बघतो, तोंडाला मुसकी बांधतो. चावे खातात ते कुत्र्यांवर प्रेम करणारे.” त्यांच्या मनगटावर कुत्र्याचे दात आहेत. मॅडमच्या तळहातावर मांजराचे, आणि ते जास्त वाईट. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून जखम मिटते आणि आत पू होतो. रेबीजची लस सगळ्यांनी आधीच घेतलेली असते, कामावर यायची ती पहिली अट. लक्षणं दिसू लागल्यावर त्या रोगातून जवळपास कोणीच वाचत नाही, आणि माणसाला तो होतो तो शंभरातल्या नव्याण्णव वेळा कुत्र्याकडूनच.

तिचा पहिला प्रश्न दार उघडायच्या आधी येतो, अर्धवट उघड्या फटीतून: “चावतो का?”

आणि मालक हसून म्हणतात, “छे हो, आमचा काही करत नाही.”

चावणाऱ्या प्राण्यांच्या केसपेपरवर मी कोपऱ्यात लाल टिकली लावते. परवा मोकळा वेळ होता म्हणून ते सगळे पेपर काढून बघितले. पहिल्या भेटीत इंटर्नने ‘मालकाचं म्हणणं’ या रकान्यात जे लिहून घेतलं होतं, ते बहुतेक सगळ्यांवर एकच होतं: स्वभाव शांत.